प्रात्यक्षिकाला जाताय? नजर घोड्यावर असू द्या

दिवाळी सरली, सारंगखेड्याच्या बाजाराची चर्चा सुरू झाली, की माझ्याकडे येणारी पत्रं एकाच वळणाची असतात. ‘पुण्याजवळ दोन दिवसांची कार्यशाळा आहे, घोडी बरोबर नेऊ का?’ ‘परदेशातले प्रशिक्षक येणार आहेत, फी घसघशीत आहे, जाण्यात अर्थ आहे का?’ ‘शेवटी प्रमाणपत्र देतात म्हणे. त्यावर रायडिंग स्कूल काढता येईल?’ एका गृहस्थांनी तर तीन कार्यशाळांमधल्या टिपणांच्या झेरॉक्सच पाठवल्या. नाल मारण्याबद्दल तिन्हीकडे तीन मतं, आणि खाली एकच ओळ: ‘आता घोडं कुठे पेंड खातंय ते तुम्हीच सांगा.’

सांगतो. माझ्या अनुभवात ते दोन ठिकाणी पेंड खातं. एक म्हणजे आपण बोलणाऱ्याकडे बघत बसतो आणि घोड्याकडे बघायचं राहून जातं. दुसरं, कार्यशाळेला मालक जातो, आणि घोड्याला रोज खरारा करणारा, तंग आवळणारा, चंदी घालणारा मोतद्दार पागेतच राहतो. तुमच्याकडे दोघांपुरतेच पैसे असतील तर मित्राला नेऊ नका, मोतद्दाराला न्या.

आधी ठरवा: ऐकायचं, बघायचं की करायचं?

जाहिरातीत सगळ्याला ‘कार्यशाळा’च म्हणतात, पण आत तीन वेगळे प्रकार असतात.

- व्याख्यान. खाद्य, जंत, लसी, कायदा, उन्हाळ्यातली काळजी हे विषय ऐकून समजतात. घोडा न्यायची गरज नाही. ऑनलाइन असलं तरी काही बिघडत नाही.
- प्रात्यक्षिक. खूर कापणं, दात तपासणं, खोगीर नीट बसतंय का ते बघणं, नाडी मोजणं. हे जवळून बघितलं तरच उपयोग. साठ माणसं गोल करून उभी असतील तर मागच्यांना फक्त नालबंदाची पाठ दिसते. किती जणांना घेणार आहेत हे आधीच विचारा.
- स्वतःच्या घोड्यासह वर्ग. सर्वांत जास्त शिकवणारा आणि सर्वांत जास्त बिघडवू शकणारा प्रकार हाच.

माझा सरळ सल्ला: नव्या प्रशिक्षकाकडे पहिल्यांदा प्रेक्षक म्हणूनच जा. त्याचा हात कसा आहे ते बघा. पटलं तर पुढच्या खेपेला घोडा न्या. प्रेक्षकाची फीही बहुधा कमी असते.

विषय निवडताना आपला घोडा काय काम करतो ते डोळ्यांसमोर ठेवा. माथेरान-महाबळेश्वरच्या घोडेवाल्याला खूर, खोगीराच्या जखमा आणि ओझ्याचा हिशेब कळणं गरजेचं आहे. वरातीला घोडी पाठवणाऱ्याने बँड, फटाके आणि गर्दीची सवय कशी लावायची ते शिकावं. शनिवार-रविवारच्या स्वाराने आधी स्वतःची बैठक सुधारावी. घोड्याच्या ‘स्वभावदोषां’पैकी निम्मे तिथेच मिटतात. ड्रेसाजचं प्रात्यक्षिक बघायला फार सुंदर असतं, पण वरातीच्या घोडीच्या मालकाने त्यावर महिन्याची कमाई घालवू नये.

कुठे शोधाल

मोठ्या जाहिरातींच्या आधी जवळच्या जागा बघा. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना अधूनमधून शिबिरं घेतो. तिथल्या डॉक्टरांना ‘घोड्यांसाठी कधी?’ असं दोनदा विचारलं की बऱ्याचदा घडून येतं. पशुवैद्यकीय महाविद्यालयं मुंबई, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीरला आहेत. त्यांच्या विस्तार विभागाकडे चौकशी करा. सारंगखेडा किंवा नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत खरेदी नसली तरी जा. औपचारिक व्याख्यान मिळेल न मिळेल, पण नालबंद, जाणते व्यापारी आणि शेकडो घोडे एका जागी दिसतात. फक्त तिथे देवमण आणि पंचकल्याणीच्या गप्पा ऐकताना पायाखाली बघायला विसरू नका. भोवरा कितीही शुभ असला तरी खूर सडका असेल तर घोडा लंगडणारच.

फोनवर विचारायचे प्रश्न

१. शिकवणारे रोज कोणत्या घोड्यांबरोबर काम करतात? शर्यतीचे, उड्यांचे, की आपल्यासारखे देशी आणि धंद्यावरचे?
२. प्रात्यक्षिकाचा घोडा कोणाचा? प्रशिक्षकाने तो आधी हाताळला आहे का?
३. जागेवर पशुवैद्यक असणार का? नसल्यास सर्वांत जवळचे किती अंतरावर?
४. सावली आणि पाण्याची सोय काय? उन्हाच्या वेळी घोडे किती वेळ उभे राहणार?
५. हेल्मेट सक्तीचं आहे का?
६. रद्द झाल्यास पैसे परत मिळतील का? लेखी कळवाल का?

दुसऱ्या प्रश्नाला आयोजक गुळमुळीत उत्तर देऊ लागला तर मी तिथेच थांबतो. का ते पुढे येईलच. पाचव्याला ‘तुमच्या मर्जीवर’ असं उत्तर आलं तरीही थांबावं.

प्रमाणपत्राबद्दल. हजेरीचं प्रमाणपत्र म्हणजे तुम्ही आलात, जेवलात आणि शेवटपर्यंत बसलात याची पावती. त्याने तुम्ही प्रशिक्षक होत नाही, आणि घोड्यावर उपचार करण्याचा अधिकार तर मुळीच मिळत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार जनावरांवर वैद्यकीय उपचार करण्याचा हक्क नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. ‘तीन दिवसांत अश्व-दंतवैद्य व्हा’ अशी जाहिरात दिसली तर पान उलटा.

प्रात्यक्षिकात नेमकं काय बघायचं

इथे जरा जास्त वेळ घेतो, कारण माझी स्वतःची फजिती इथलीच आहे.

काही वर्षांपूर्वी एका प्रात्यक्षिकात खच्ची केलेला एक उमदा काळा घोडा बघितला. गोल कुंपणात सोडलेला. सुरुवातीला उधळत होता, कान मागे, शेपूट झाडत. चाळीस मिनिटांत तो प्रशिक्षकाच्या मागे दोरीशिवाय चालू लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आठवड्याने माझ्या घोडीवर तोच प्रयोग केला, एप्रिलच्या उन्हात. दहाव्या मिनिटाला तिने कुंपण ओलांडायचा प्रयत्न केला, पुढच्या पायाचं कातडं सोललं, आणि पुढचे तीन आठवडे मी ड्रेसिंग करत होतो. नंतर कळलं, तो काळा घोडा दोन दिवस आधीच तिथे आणला होता आणि रोज त्याच कुंपणात फिरवला होता. खोटं कोणी बोललं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

ही मोहिनी आजची नाही. १८५८ मध्ये जॉन सॉलोमन रेरी या अमेरिकन माणसाने लंडनमध्ये ‘क्रूझर’ नावाचा जहाल घोडा वठणीवर आणून दाखवला. व्हिक्टोरिया राणीपुढेही त्याचे प्रयोग झाले. त्याची युक्ती होती घोड्याचा पुढचा एक पाय पट्ट्याने दुमडून बांधायची आणि दमवून त्याला खाली आडवं करायची. प्रेक्षकांना दिसला तो शेवटी शांत पडलेला घोडा.

म्हणून शांत घोडा दिसला की विचारा, हा निवांत आहे की हरलेला? निवांत घोड्याची मान सैल असते, ओठ सैल असतात, एक कान बोलणाऱ्याकडे आणि एक आजूबाजूला फिरत असतो, मधूनच तो सुस्कारा सोडतो. हरलेला घोडाही उभाच असतो, पण डोळा एका जागी थिजलेला, नाकपुडी आवळलेली, आवाज झाला तरी कान हलत नाही. खालच्या खुणा दिसू लागल्या तर चालू असलेलं काम घोड्याला झेपत नाही असं समजा:

- डोळ्याचा पांढरा भाग सतत दिसणं
- मेहनत नसताना मानेवर, काखेत घाम
- तोंड उघडं टाकणं, जीभ बाहेर, कडी चावत राहणं
- शेपूट सारखी आपटणं (माशा नसताना)
- थोड्याथोड्या वेळाने पातळ लीद टाकणं

ओठ चाटत घोडा तोंड हलवू लागला की काही प्रशिक्षक म्हणतात, ‘बघा, त्याने मान्य केलं.’ तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. ताण उतरतानाही घोडा तेच करतो. आधी ताण कोणी चढवला होता, हा प्रश्न उरतोच.

दुसरी गोष्ट हाताची. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणी शिकतो. तेव्हा प्रशिक्षक लगाम कधी ओढतो हे बघू नका, सोडतो कधी ते बघा. घोड्याने अर्धं पाऊल मागे घेतलं आणि त्याच क्षणी दोरी सैल झाली, तर तो माणूस जाणकार. घोडा मागे सरकला तरी दोरी ताणलेलीच राहिली, तर भाषण कितीही गोड असो, घरी आलेलं बरं. तेजीला इशारत पुरते म्हणतात. पण इशारत थांबली हे तेजीला कळावंही लागतं.

परवानगी असेल तर मोबाइलवर चित्रण करा, आणि घरी ते आवाज बंद करून पुन्हा बघा. शब्द गेले की घोडा दिसू लागतो. मोतद्दाराला शेजारी बसवा. त्याला पहिल्याच फेरीत दिसेल ते तुम्हाला तिसऱ्या फेरीत दिसेल.

चांगलं प्रात्यक्षिक कसं असतं

एका तालुक्याच्या गावी झालेलं शिबिर आठवतं. पडदा नाही, माइक नाही. म्हाताऱ्या नालबंदाने एका तट्टाचा मागचा पाय मांडीवर घेतला, आकडीने माती काढली, आणि जमलेल्या प्रत्येकाला पुढे बोलावून तळव्यातल्या त्या त्रिकोणी, रबरासारख्या गादीवर अंगठा दाबायला लावला. मग बाजूच्या खाचेतला काळा लगदा बोटावर घेऊन म्हणाला, ‘वास घ्या.’ सगळ्यांनी नाकं मुरडली. ‘हा वास पावसाळ्यात आला की मला बोलवा. लंगडल्यावर बोलवू नका.’ मग नालेचा खिळा पांढऱ्या रेघेच्या बाहेरून कसा जातो आणि भिंतीच्या साधारण एक तृतीयांश उंचीवर कसा बाहेर येतो ते दाखवलं. अर्ध्या तासाचं काम. मला वाटतं, तिथला एकही माणूस ते विसरला नसेल.

हात लावू देतो, वास घ्यायला लावतो, तुमच्याकडून एकदा करून घेतो, आणि ‘हे मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारा’ असंही म्हणतो, असा माणूस मिळाला तर त्याच्याकडे दरवर्षी जा.

परदेशी पाहुण्यांचं ऐकताना

त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप असतं, पण त्यांचे आकडे जसेच्या तसे घरी आणू नका. त्यांच्या डोळ्यांसमोरचा घोडा पाचशे-सहाशे किलोचा असतो. आपलं डोंगरावरचं तट्टू तीनशेच्या आसपास. त्यांचा ‘हे’ म्हणजे वाळवलेलं गवत. आपल्याकडे कुठे वाळकं गवत, कुठे उसाचे वाढे, कुठे लसूणघास. आणि थंडीत पांघरूण घालण्यावर तासभर बोलणाऱ्याला कोकणातल्या मे महिन्याबद्दल काय करायचं ते जरूर विचारा.

वजन घरीच काढता येतं. साध्या शिंप्याच्या टेपने पुढच्या पायांमागून छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६० आणि लांबी १४० असेल तर उत्तर येतं साधारण ३०२ किलो. या एका आकड्यावर बरंच अवलंबून आहे. जंताच्या पेस्टच्या पिचकारीवर किलोच्या खुणा असतात, मात्रा त्यावरून ठरते. चारा कोरड्या वजनात शरीराच्या किमान दीड टक्का हवा, म्हणजे या घोड्याला साडेचार किलो तरी. आणि पाठीवरचं वजन खोगीरासह शरीराच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको, असा सर्वसाधारण संकेत आहे. इथे ते साठ किलो होतं. नव्वद किलोच्या पर्यटकाला हे कसं सांगायचं, हा प्रश्न माथेरानकर मला नेहमी विचारतात. माझ्याकडे गोड उत्तर नाही. मोठा घोडा पुढे करा, नाहीतर गिऱ्हाईक सोडा.

घोडा बरोबर न्यायचा तर

- ग्लँडर्सची तपासणी. हा रोग घोड्याकडून माणसाला होतो, त्यावर लस नाही, आणि २००९ च्या कायद्यानुसार तो कळवणं बंधनकारक आहे. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जाऊन निकाल यायला वेळ लागतो, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांकडे बऱ्याच आधी जा. इतर घोड्यांकडून हेच प्रमाणपत्र मागितलं जाणार आहे का, तेही विचारा. कोणाकडूनच मागत नसतील तर तुमचा घोडा घरीच बरा.
- धनुर्वाताची लस. घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. गाडीत चढताना झालेली खिळ्याची जखमही पुरते.
- प्रवासाचा दाखला. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांप्रमाणे पशुवैद्यकाचा ‘प्रवासास योग्य’ असा दाखला घ्या.
- स्वतःची बादली, स्वतःचा तोबरा, स्वतःची कडी. सामायिक हौदावर पाजू नका.
- चारा-चंदीही घरचीच न्या. खाद्यातला बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करायचा असतो. तिथल्या फुकटच्या चंदीने पोटशूळ ओढवतो, आणि घोड्याला उलटी करता येत नाही.
- गाभण घोडी, लहान शिंगरू, नुकताच आजारातून उठलेला घोडा नेऊ नका.

तुमचे हक्क, आणि कायद्याची बाजू

*तुमचा घोडा प्रात्यक्षिकाला दिला असेल तर* तो कधीही बाहेर काढण्याचा हक्क तुमचा आहे. शंभर माणसं बघत असली तरी. ही अट आधीच सांगून ठेवा म्हणजे त्या वेळी संकोच होत नाही. शांत करण्याचं इंजेक्शन पशुवैद्यकाखेरीज कोणालाही देऊ देऊ नका. हे दाक्षिण्याचं प्रकरण नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये मारहाणीबरोबर प्रमाणाबाहेर स्वारी करणं हाही गुन्हा आहे, आणि तसं होऊ देणारा मालकही त्यात येतो.

काटेरी कडी दाखवून कोणी ‘तोंडाचा कठीण घोडा असाच वळतो’ म्हणू लागलं तर उठून जा. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीचे १९६५ चे नियम अशी काटेरी, टोकदार साधनं वापरायला मनाई करतात. त्याच नियमांत दिवसाला एकूण ९ तास, विश्रांतीशिवाय सलग ५ तास, आणि ३७ अंशांवर पारा असेल तिथे दुपारी १२ ते ३ काम नाही, अशा मर्यादा आहेत. आयोजकाने वेळापत्रक दाखवलं की हे आकडे शेजारी ठेवून वाचा.

तिकीट लावून जनावरांचे खेळ करायचे तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. शिकवण्यापेक्षा करामतीच जास्त असतील तर नोंदणीबद्दल विचारायला लाजू नका.

*फी भरली असेल तर* तुम्ही ग्राहक आहात. जाहीर केलेला प्रशिक्षक आलाच नाही, दोन दिवसांचं दीड दिवसात उरकलं, पैसे परत द्यायचं कबूल करून टाळलं, अशा वेळी आधी लेखी मागणी करा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तेवढ्यावर भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीची मुदत दोन वर्षं. पावती, जाहिरातीचा फोटो आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप जपून ठेवा. ‘अपघातास आयोजक जबाबदार नाहीत’ यावर सही घेतली म्हणून त्यांच्या निष्काळजीपणाबद्दल तक्रार करायचा मार्ग आपोआप बंद होत नाही. फुकट शिबिराला मात्र ग्राहक कायद्याचा आधार मिळणं अवघड.

आणखी एक. प्रात्यक्षिक संपताच शेजारच्या टेबलावर त्याच प्रशिक्षकाची खास दोरी, खास नाकपट्टी, खास पावडर विकायला असते. त्या दिवशी काही घेऊ नका. आठवड्यानेही हवीशी वाटली तर मागवा. नाकपट्टी वापरतच असाल तर नाकाच्या हाडावर, समोरून, तिच्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. गालाकडून घालून बघणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

परत आल्यावर

वहीत पंचवीस गोष्टी टिपलेल्या असतील. त्यातली एक निवडा. स्वारीची नवी रीत असेल तर ती सुरुवातीला ओळखीच्या प्रशिक्षकासमोरच करून बघा. खूर, खाद्य आणि औषधातला बदल नालबंदाला आणि डॉक्टरांना विचारून. कुठलंच सुचत नसेल तर मोजमापापासून सुरुवात करा. जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटं ठेवली की दोरीसारखी रक्तवाहिनी सापडते. पंधरा सेकंदांतले ठोके मोजून चारने गुणा. विश्रांतीतल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, अंगाचं तापमान साधारण ९९ ते १०१ फॅरनहाइट. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा.

आठवडाभर रोज सकाळी मोतद्दाराकडून हे मोजून घ्या. तुमच्या घोड्याचा नेहमीचा आकडा काय ते कळलं की तबेल्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा, खाली डॉक्टरांचा नंबर आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२. रात्री दोन वाजता घोडा पोट धरून लोळू लागेल तेव्हा डॉक्टर फोनवर पहिला प्रश्न विचारतील: नाडी किती?